अल्पप्रथिन कुक्कुटखाद्य आणि वनौषधी : आहार कोणता, औषध कोणते?

कुक्कुटमांसाचे गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायातून अभ्यासिले आहेत. विष्किर वर्गातील हा पक्षी स्निग्ध, उष्ण, बृंहण व बल्य मानला आहे आणि कृश वा रोगमुक्त झालेल्या रुग्णास मांसरस सुचविताना आपण आजही त्याच गुणांचा आधार घेतो. परंतु रुग्णाच्या ताटात येणारा आजचा कुक्कुट हा अंगणात दाणे, किडे व कोवळी पाने टिपणारा पक्षी राहिलेला नाही. तो बंदिस्त शेडमध्ये, तुसाच्या गादीवर, पोत्यातून येणाऱ्या एकाच मिश्र खाद्यावर सहा आठवड्यांच्या आत विक्रीस तयार होतो. अंड्यातून बाहेर येताना जेमतेम ४० ग्रॅम असलेले पिल्लू या अवधीत दोन किलोंच्या पुढे जाते, म्हणजे स्ववजनाच्या पन्नास पट होते. हे सारे बृंहण पोत्यातील खाद्यावर घडते. म्हणून त्या पोत्यात काय असते, हा प्रश्न पशुवैद्यकाइतकाच आपल्याही चिंतनाचा ठरतो.

या विषयास आज एक व्यावहारिक निकडही आली आहे. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल या आपल्या परिसरातील तालुक्यांत ब्रॉयलरच्या शेड आहेत आणि शेजारच्या सांगलीत हळदीची मोठी पेठ आहे. कोल्हापुरातील औषधशाळांकडे खाद्यविक्रेते व पोल्ट्रीधारक वारंवार एक मागणी घेऊन येतात : "खाद्यातील प्रथिने कमी करावयाची आहेत, ती तूट भरून काढील असे एखादे वनस्पतिचूर्ण द्या." काही जण 'हर्बल मिथिओनिन' या नावानेच चूर्ण मागतात. ही मागणी स्वीकारण्यापूर्वी तिचे शास्त्र नीट समजून घेणे आवश्यक आहे, अशी आमची धारणा आहे.

प्रथिने कमी का करावयाची?

भारतीय मानक संस्थेच्या २००७ च्या कुक्कुटखाद्य मानकानुसार ब्रॉयलरच्या प्रारंभिक खाद्यात २३ टक्के, त्यानंतरच्या स्टार्टर खाद्यात २२ टक्के आणि अखेरच्या फिनिशर खाद्यात २० टक्के कच्ची प्रथिने अपेक्षित आहेत. आपल्याकडे यांतील मोठा वाटा सोयाबीनची पेंड पुरविते आणि ऊर्जेचा भार मका वाहतो. सोया पेंड हा खाद्यातील महाग घटक होय. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलमागे १०,००० रुपयांपर्यंत गेले, तेव्हा पोल्ट्री व्यवसायाची एवढी कोंडी झाली की केंद्र शासनाने त्या ऑगस्टमध्ये जनुकपरिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास अनुमती दिली. प्रथिनांत एक-दोन टक्के बचत करण्याची ओढ तेव्हापासून अधिकच वाढली.

तथापि कारण केवळ पैशाचे नाही. पक्षिशरीरात युरिया तयार करण्याचे चक्र नाही. गरजेपेक्षा अधिक आलेल्या प्रथिनांतील नत्र यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबर बाहेर टाकावे लागते आणि त्यासाठी पक्ष्यास ऊर्जा खर्चावी लागते. हे यूरिक आम्ल ओलसर तुसात जंतूंच्या क्रियेने कुजते आणि अमोनिया सुटतो. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात ते यामुळेच. पक्ष्यांचे डोळे, श्वसनमार्ग व तळपाय यांस त्याची बाधा होते आणि माश्या व दुर्गंधी यांवरून गावात तंटे उभे राहतात, ते निराळेच.

यास अजून दोन कारणे जोडावी लागतील. प्रथिनांच्या पचन-चयापचयात कर्बोदके वा स्नेह यांपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडखाली धापा टाकणाऱ्या पक्ष्यास ही वाढीव उष्णता सोसत नाही. शिवाय न पचलेली प्रथिने आतड्याच्या अखेरच्या भागात पोचली की तेथे क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना पोसतात व आंत्रशोथास वाव मिळतो. पूर्वी अशा वेळी खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळण्याची सर्रास प्रथा होती. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी केली आणि भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक निषिद्ध ठरविले. वनौषधींकडे खाद्य उद्योगाची दृष्टी वळली, ती या मार्गाने.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची जुळणी

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पक्ष्यास 'प्रथिन' या नावाच्या एका द्रव्याची गरज नसते. गरज असते ती प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांची, तीही ठरावीक परस्पर प्रमाणात. मका-सोया खाद्यात सर्वप्रथम तूट पडते ती मिथिओनिनची, त्यानंतर लायसिनची आणि पुढे थ्रिओनिनची. पंखांना गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात, हे मिथिओनिनच्या मोठ्या गरजेचे एक कारण होय.

भिंत बांधताना विटा, चुना व वाळू यांतील एक वस्तू संपली की उरलेल्या दोहोंचा ढीग निरुपयोगी ठरतो. त्याचप्रमाणे जे अमिनो आम्ल सर्वांत तुटपुंजे, तेच वाढीची मर्यादा ठरविते, आणि उरलेली आम्ले जळून त्यांचे नत्र यूरिक आम्ल बनते. याच तत्त्वावर अल्पप्रथिन खाद्याची उभारणी झाली आहे : सोया पेंड थोडी कमी करावयाची आणि जी अमिनो आम्ले त्यामुळे तुटतात, ती शुद्ध स्वरूपात, नेमक्या मापाने, वरून द्यावयाची. कच्ची प्रथिने एका टक्क्याने उतरविली की पक्ष्याने उत्सर्जित केलेले नत्र सुमारे ८ ते १० टक्क्यांनी घटते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. प्रमाण दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरविणे यामुळे साध्य होते. त्याखाली गेल्यास ग्लायसिनसारखी, एरवी गौण वाटणारी अमिनो आम्लेही अपुरी पडू लागतात, उदरातील मेद वाढतो आणि वाढ खुंटते. सोया पेंडीबरोबर पोटॅशियम व कोलिन हेही घटतात, त्याची भरपाई निराळी करावी लागते.

एका टनाचा हिशेब

आता चूर्णाच्या मागणीचा हिशेब मांडू. एक टन खाद्यातील प्रथिने २२ वरून २० टक्क्यांवर आणावयाची, म्हणजे २२० किलोंची २०० किलो करावयाची. सुमारे ४६ टक्के प्रथिनांची सोया पेंड काढून तिच्या जागी ९ टक्के प्रथिनांचा मका घातला, तर ५४ किलोंची अदलाबदल करावी लागते. या अदलाबदलीत खाद्यातील लायसिन सुमारे १,४०० ग्रॅम, थ्रिओनिन सुमारे ८०० ग्रॅम आणि मिथिओनिन सुमारे २४० ग्रॅम इतके उणे होते.

दुसऱ्या बाजूस, बाजारात खाद्यपूरक चूर्णांची मात्रा टनास साधारणतः अर्धा ते एक किलो सांगितली जाते. पानांमध्ये प्रथिनसमृद्ध म्हणून ख्यात असलेला शेवगा घेऊ. त्याच्या वाळलेल्या पानांत सुमारे २५ टक्के प्रथिने आणि किलोमागे ३ ते ४ ग्रॅम मिथिओनिन असते. म्हणजे एक किलो शेवगाचूर्णाने २४० ग्रॅमच्या तुटीत चार ग्रॅमांची भर पडली. ती तूट पानांनीच भरावयाची म्हटल्यास टनास साठ किलोंहून अधिक चूर्ण घालावे लागेल. मग तंतूंचे प्रमाण वाढेल, खाद्याची ऊर्जा उतरेल आणि दर तर परवडणारच नाही. तुळस, शतावरी, कालमेघ, हळद यांची प्रथिने शेवग्याहून कमीच आहेत. चूर्ण शंभर टक्के शुद्ध प्रथिनांचे आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी एक किलोतून २० किलोंची तूट भरून निघणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आयुर्वेदाच्या परिभाषेत हे अधिक नेमके सांगता येते. चरकाचे टीकाकार चक्रपाणि यांनी आहारद्रव्य हे रसप्रधान व औषधद्रव्य हे वीर्यप्रधान असा विवेक केला आहे. आहारद्रव्य स्वतः धातूंत परिणत होते, म्हणून ते प्रमाणात, पोटभर लागते. औषधद्रव्य धातूची वीट होत नाही. ते अग्नी, स्रोतस व दोष यांवर कार्य करते, म्हणून अल्प मात्रेत पुरते. 'प्रथिनास पर्यायी चूर्ण' ही कल्पना या दोहोंची गल्लत करते. दीपनाने अग्नी प्रज्वलित होईल, पण चुलीवर चढविलेल्या भांड्यातच धान्य उणे असेल तर भात वाढणार नाही.

मग वनौषधींचे स्थान कोणते?

याचा अर्थ वनौषधी निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. अमिनो आम्लांचा तोल साधल्यानंतर त्यांचे खरे कार्यक्षेत्र सुरू होते. ते आम्हांस तीन प्रकारचे दिसते.

पहिले, दीपन-पाचन. ओवा, लसूण, सुंठ, मिरी, दालचिनी यांसारख्या द्रव्यांनी पाचक स्राव व पित्तस्राव यांस चालना मिळते आणि त्यांतील तैले आतड्यातील काही अनिष्ट जंतूंना आवर घालतात. पक्ष्याच्या पोटातून खाद्य काही तासांतच पुढे सरकते. त्या अल्प अवधीत प्रथिनांचा जितका अधिक अंश पचेल, तितके कमी खाद्य अपचित राहून आतड्याच्या अखेरीस पोचेल. अल्पप्रथिन खाद्याचा हेतू आणि या द्रव्यांचा गुण येथे एकाच दिशेने काम करतात.

दुसरे, यकृताचे रक्षण. शीघ्र वाढीच्या पक्ष्यात यकृतावर मोठा ताण असतो आणि दमट मक्यातील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन त्यात भर घालते. भुईआवळी, कालमेघ, पुनर्नवा, शरपुंखा ही आपली परिचित द्रव्ये या हेतूने वापरली जातात. अर्थात बुरशी लागलेला मका वापरून वर भुईआवळी देणे म्हणजे निदानपरिवर्जनाचा पहिला पाठच विसरणे होय.

तिसरे, ग्रीष्मातील ताप व वाहतुकीचा ताण. आवळा, हळद, तुळस, अश्वगंधा यांचा पेशींवरील प्रतिऑक्सिडीकारक परिणाम अनेक प्रयोगांत अभ्यासिला गेला आहे.

'हर्बल मिथिओनिन'च्या दाव्यामागील एक सूक्ष्म मुद्दाही येथे स्पष्ट करावयास हवा. मिथिओनिनची कामे दोन. एक, प्रथिनाचा घटक होणे, आणि दुसरे, शरीरातील अनेक क्रियांसाठी मिथिल गट पुरविणे. हे दुसरे काम कोलिन व बीटेन यांकडूनही काही अंशी होते. त्यामुळे ज्या वनस्पतींत अशी द्रव्ये आहेत किंवा ज्या यकृतातील या चक्रास साहाय्य करतात, त्यांच्यामुळे मिथिओनिनची थोडी काटकसर होणे संभवते. परंतु पहिल्या कामात मिथिओनिनला प्रतिनिधी नाही. 'काटकसर' हा शब्द वापरणे शास्त्रास धरून आहे. 'पर्याय' हा शब्द वापरण्यापूर्वी फार मोठा पुरावा हवा.

मात्रेविषयी एक सूचना. कोंबडीच्या जिभेवर स्वादकलिका मनुष्याच्या मानाने थोड्या असल्या, तरी तिक्त रस तिला कळतो. कालमेघ वा कडुनिंब यांची मात्रा वाढविल्यास पक्षी खाद्य कमी खातो, आणि वाढीसाठी दिलेले चूर्ण वाढ रोखण्याचे कारण होते. तसेच गोळी खाद्य बनविताना वाफेचे तापमान ८० अंशांच्या पुढे जाते. ओवा-दालचिनीसारख्या सुगंधी द्रव्यांचे तैल त्यात उडून जाते. गोळी होण्यापूर्वी व नंतर, असे दोन्ही वेळचे नमुने तपासल्याशिवाय अशा द्रव्याच्या मात्रेविषयी काहीही सांगता येणार नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक माहितीपत्रकांत एकच उणीव आढळते. एका गटास मानक खाद्य व कृत्रिम मिथिओनिन, दुसऱ्यास तेच खाद्य व मिथिओनिनऐवजी चूर्ण. दोन्हींचे वजन सारखे आले, म्हणून चूर्ण मिथिओनिनइतकेच गुणकारी! परंतु मिथिओनिनही नाही आणि चूर्णही नाही, असा तिसरा गट असता व त्याचेही वजन तेवढेच आले असते, तर? मूळ खाद्यातच पुरेसे मिथिओनिन असल्यास काहीही घाला वा घालू नका, फरक दिसत नाही.

म्हणून अल्पप्रथिन खाद्यातील वनौषधीची परीक्षा किमान पाच गटांत व्हावी : (१) मानक प्रथिनांचे खाद्य, (२) अल्पप्रथिन खाद्य, त्यात कसलीही भर नाही, (३) अल्पप्रथिन खाद्य व अमिनो आम्ले, (४) अल्पप्रथिन खाद्य व केवळ वनौषधी, (५) अल्पप्रथिन खाद्य, अमिनो आम्ले व वनौषधी. दुसरा गट पहिल्याहून मागे पडला, तरच प्रयोगातील तूट खरी होती असे समजावे. चौथा गट दुसऱ्याच्या किती पुढे गेला यावरून एकट्या औषधीचे सामर्थ्य, आणि पाचवा तिसऱ्याच्या किती पुढे गेला यावरून तिची खरी भर कळते. हा गट (५) च आपल्या शास्त्रास खरी संधी देणारा आहे.

प्रत्येक गटाचे अनेक कप्पे असावेत. एका शेडची दुसऱ्या शेडशी केलेली तुलना ही हवा, पाणी व राखणदार यांचीच तुलना होऊन बसते. पिल्ले एकाच उबवणीची असावीत. आठवड्यागणिक वजन, खाल्लेले खाद्य, मरतूक, तुसाचा ओलावा, अखेरीस यकृत व उदरमेद यांची नोंद व्हावी. खाद्यास वजनवाढीने भागून येणारे गुणोत्तर, ज्यास पोल्ट्रीधारक 'एफसीआर' म्हणतात, हाच व्यवहाराचा खरा निकष आहे. हे काम एकट्या वैद्याचे नव्हे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा संस्थेतील पशुपोषणाच्या अध्यापकांसह हा प्रयोग आखावा.

यशस्वी झाल्यास लाभ किती, हेही सांगणे योग्य. प्रथिनांत १६ टक्के नत्र असते. टनामागे २० किलो प्रथिने वाचली म्हणजे ३.२ किलो नत्र वाचले. ५,००० पक्ष्यांच्या एका बॅचला पक्ष्यामागे साडेतीन किलो धरून साडेसतरा टन खाद्य लागते. सर्व खाद्यांत ही दोन टक्क्यांची कपात साधली, तर एका बॅचमध्ये ५६ किलो नत्र तुसात उतरण्यापूर्वीच वाचेल. शेडमधील हवा, पक्ष्यांचे डोळे आणि शेजाऱ्यांचा सलोखा या तिघांचाही त्यात लाभ आहे.

औषधशाळांचे दायित्व

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्यांबरोबर प्राण्यांच्याही रोगांचा अंतर्भाव आहे. तेव्हा वेष्टनावर 'रोग टाळते' वा 'बरा करते' असे लिहिले की ते केवळ खाद्यपूरक राहत नाही, ते औषध ठरते व त्यास परवाना आणि उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम लागू होतात. दुसरे असे की, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुपक्ष्यांची चिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. आपली बी.ए.एम.एस. पदवी मनुष्यचिकित्सेची आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्राचे अश्वशास्त्र ही परंपरा आपल्या अभिमानाची खरी, पण तिच्या बळावर शेडमधील साथीवर औषध सुचविणे उचित नाही.

ग्राहक कोण आहे, हेही पाहावे. बहुसंख्य ब्रॉयलर आज करार पद्धतीने वाढविले जातात. पिल्ले व खाद्य कंपनीचे, शेड व श्रम शेतकऱ्याचे आणि मोबदला वाढलेल्या वजनावर. अशा शेतकऱ्याने कंपनीच्या खाद्यात स्वतः चूर्ण मिसळल्यास करारभंगाचा दोष त्याच्यावर येतो आणि वजन घटल्यास मोबदलाही त्याचाच कापला जातो. विक्री करावयाची तर खाद्याचे सूत्र ठरविण्याचा अधिकार ज्यास आहे, त्यासच करावी.

अखेरचा मुद्दा कच्च्या मालाचा. दिवसाला १०० टन खाद्य बनविणाऱ्या एका कारखान्यास टनामागे एक किलो चूर्ण पुरवावयाचे, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३० टन वाळलेली वनस्पती लागते. मनुष्यासाठी आपण जी मात्रा मोजतो, तिच्याशी या आकड्याची तुलनाच नाही. हळद, लसूण, शेवगा, तुळस, आवळा ही शेतात पिकणारी द्रव्ये हा भार पेलू शकतील. परंतु कुटकीसारखी हिमालयीन वनस्पती, जिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आधीच निर्बंध आहेत, ती कोंबडीखाद्यात घालणे हा अपव्यय होय. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या रानातून पोत्यांनी ओरबाडलेली मुळे या कामी वापरू नयेत. शिवाय भुईआवळीच्या पोत्यात काय काय मिसळलेले येते, हे आपण जाणतोच. द्रव्याची ओळख, जड धातू, बुरशीविष व कार्यकारी घटक यांची प्रत्येक घाण्याची तपासणी नसेल, तर ते विष पक्ष्यांच्या मांसातून पुन्हा आपल्याच रुग्णाच्या ताटात यावयाचे.

वैद्यबंधू व औषधशाळाचालक यांस आमची विनंती एवढीच. पुढील वेळी कोणी 'प्रथिनाऐवजी चूर्ण' मागावयास आला, तर त्यास आधी त्याच्या खाद्याचे अमिनो आम्लांचे पृथक्करण विचारावे. ते त्याच्यापाशी नसल्यास त्यास प्रथम पशुपोषणतज्ज्ञाकडे पाठवावे. असल्यास, आणि तोल साधलेला असल्यास, दीपन-पाचन वा यकृतरक्षणासाठी आपले द्रव्य योग्य मात्रेत, योग्य शब्दांत व तपासणीच्या दाखल्यासह द्यावे. एक विक्री कदाचित हातची जाईल. परंतु सहा आठवड्यांच्या बॅचवर ज्याच्या घरचा हप्ता अवलंबून आहे, तो पोल्ट्रीधारक आपल्या शास्त्रामुळे बुडाला, असे कोणास म्हणता येणार नाही.